पीएचडीच्या दोन ऑफर आणि पत्रातली शेवटची ओळ

पत्राचा सारांश: वाचक विद्यार्थिनी 24 वर्षांची आहे. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे आणि प्रथिनांच्या रचनेवर, त्यातही क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीवर (क्रायो-ईएम, म्हणजे नमुना गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघण्याच्या तंत्रावर) काम करायचं तिने पक्कं केलं आहे. परदेशातल्या दोन ऑफर तिच्यासमोर आहेत. पहिली अमेरिकेतल्या एका अतिशय नामांकित विद्यापीठाची. तिथे पाच ते सहा वर्षं लागतील, पहिल्या वर्षी तीन लॅबमध्ये रोटेशन होईल, म्हणजे प्रत्येकीत काही आठवडे काम करून बघायचं, आणि त्यानंतर गाइड ठरेल. दुसरी जर्मनीतल्या एका संशोधन संस्थेची. तीन वर्षांचा करार, ई13 या तिथल्या सरकारी वेतनश्रेणीच्या 65 टक्के पगार आणि गाइड आधीच ठरलेल्या. याच बाईंचे शोधनिबंध वाचून ती या विषयाकडे वळली. त्या तरुण आहेत, सहा वर्षांच्या अनुदानावर त्यांनी स्वतःचा गट सुरू केला, त्याला तीन वर्षं झाली. जर्मनीला दहा दिवसांत कळवायचं आहे, अमेरिकेला 15 एप्रिलपर्यंत. तिचे प्राध्यापक म्हणतात, "नाव बघ, बाकी सगळं मागून येतं." तिला भीती वाटते, की एकदा निवड चुकली तर सगळं करिअर चुकलं. पत्राच्या अगदी शेवटी ती लिहिते, "नवराही सोबत यायचं म्हणतोय, पण ते नंतर बघता येईल."

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चार पानांपैकी सव्वा पान रँकिंगवर आहे. जर्मनीतल्या बाईंच्या संशोधनावर एक भरभरून लिहिलेलं पान आहे, आणि ते वाचताना तुझा या विषयात किती जीव आहे ते दिसतं. पण त्या गाइड म्हणून कशा आहेत यावर एक शब्द नाही. नवऱ्यावर एक ओळ आहे. तुझी पुढची पाच वर्षं कशी जातील हे ज्या गोष्टी ठरवणार आहेत, त्यांनाच पत्रात सगळ्यात कमी जागा मिळाली आहे.

आधी नावाचं बघू. तुझे प्राध्यापक चुकीचं सांगत नाहीत. नामांकित विद्यापीठात उपकरणं चांगली असतात, मोठी माणसं व्याख्यानाला येतात, सोबतचे विद्यार्थी तयारीचे असतात आणि पुढे नोकरीच्या अर्जावर ते नाव उठून दिसतं. पण रँकिंग नेमकं काय मोजतं ते एकदा बघ. शांघाय रँकिंग 2003 पासून निघतं. त्यात 100 पैकी 30 गुण नोबेल आणि फील्ड्स पदकांचे आहेत: 10 माजी विद्यार्थ्यांना मिळालेल्या पदकांचे, 20 प्राध्यापकांना मिळालेल्या. तू लिहिलेल्या प्रबंधाचा कच्चा खर्डा कोण वाचणार आणि तो किती दिवसांत परत येणार, हे या गुणांत कुठे बसत नाही. मायक्रोस्कोपवर महिन्याला किती दिवस मिळणार, हेही नाही. तुझ्या विषयात हा शेवटचा प्रश्न फार मोठा आहे. उत्तम यंत्र असलेल्या संस्थेतही ते पन्नास जणांत वाटून घ्यायचं असेल, तर नमुना तयार करून आठवडेच्या आठवडे पाळीची वाट बघावी लागते.

जर्मनीतली संस्था तुला रँकिंगच्या यादीत सापडली नाही, म्हणून तू काळजीत पडलीस. माक्स प्लांकसारख्या संशोधन संस्था विद्यापीठं नाहीत, त्यामुळे विद्यापीठांच्या यादीत त्या नसतातच. तेवढी काळजी आजच सोडून दे.

आता "एकदा चुकलं की सगळं चुकलं" याबद्दल. वेंकी रामकृष्णन यांची पीएचडी भौतिकशास्त्रातली, 1976 मधली, ओहायो युनिव्हर्सिटीतली. मोठ्या नावांच्या यादीत कोणी आवर्जून शोधेल असं हे विद्यापीठ नाही. पदवी हातात असताना ते सॅन दिएगोला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले, जीवशास्त्र शिकले. तुझ्याच क्षेत्रात, रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) रचनेवरच्या कामासाठी, 2009 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. सगळ्यांच्याच वाट्याला हे येत नाही, पण विषय बदलणं, जागा बदलणं, पोस्टडॉकला, म्हणजे पुढच्या संशोधनाच्या जागेला, वेगळ्याच दिशेने जाणं हे पीएचडीनंतर हजारो जण करतात. ज्या वर्षांत माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडतो ती वर्षं मात्र सहज भरून निघत नाहीत. निवड करताना जपायचं असेल तर तिथे जपायला हवं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. मी अमेरिकेत पीएचडी करत होते तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस माझे गाइड दुसऱ्या विद्यापीठात निघाले. माणूस वाईट नव्हता, त्यांना चांगली जागा मिळाली होती. त्या आठवड्यात आम्ही पाच विद्यार्थी उणे 80 अंशांच्या फ्रीजरसमोर उभे राहून डबे बाहेर काढत होतो. प्रत्येक डब्यावर मार्करने लिहिलेली कोणाची तरी आद्याक्षरं. कुठला जाणार, कुठला राहणार, कुठला फेकायचा याची यादी करायची होती. दुहेरी हातमोज्यांतूनही बोटं बधिर होत होती, आणि बर्फ खरवडून अक्षरं वाचताना माझ्याच दोन वर्षांच्या प्रथिनांचे नमुने मी "फेकायचे" या रकान्यात टाकत होते. आमच्यातल्या दोघी तिथल्याच नागरिक होत्या, त्यांची स्वतःची फेलोशिप होती. त्या आठवडाभरात दुसऱ्या लॅबमध्ये रुजू झाल्या. माझा पगार गाइडच्या ग्रँटमधून येत होता. ग्रँट गेली की पगार जाणार, पगार गेला की प्रोग्रॅम धोक्यात, आणि प्रोग्रॅम गेला की व्हिसा. माझ्या पीएचडीच्या सल्लागार समितीवर एक प्राध्यापिका होत्या. त्यांनी दोन महिने सगळीकडे विचारून मला जागा मिळवून दिली, म्हणून माझी पीएचडी झाली. विद्यापीठाच्या नावाचा त्या दोन महिन्यांत मला काडीचा उपयोग झाला नाही.

तेव्हापासून मला कोणी दोन प्रोग्रॅमची तुलना करायला सांगितली, की मी एकच विचारते: बिनसलं तर तिथे काय होतं? गाइडशी पटलं नाही, ग्रँट आटली, गाइड निघून गेले, तू आजारी पडलीस, तर तुझ्यासाठी कोण उभं राहील आणि ते लेखी कुठे आहे? परक्या देशातून आलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न इतरांपेक्षा दुप्पट महत्त्वाचा असतो, कारण त्याचं तिथलं राहणंच त्या जागेवर अवलंबून असतं.

या प्रश्नाला धरून आधी अमेरिकेकडे बघू. तिथली खरी सुरक्षितता त्या मोठ्या नावात नाही, रोटेशनमध्ये आहे. आठ-दहा आठवडे एका लॅबमध्ये काम केलं की तिथली हवा कळते. कोण कोणाशी बोलत नाही, गाइड चुकीवर कसे बोलतात, रात्री कोण थांबतं आणि का थांबतं, हे मुलाखतीत कधीच दिसत नाही. शिवाय पात्रता परीक्षेनंतर पुढे जायचं नसेल तर बहुतेक प्रोग्रॅममधून मास्टर्स घेऊन बाहेर पडता येतं. पण रोटेशनमध्ये आवडलेली लॅब तुला घेईलच असं नाही. म्हणून आत्ताच विचार: येत्या वर्षी क्रायो-ईएमच्या किती लॅब खरोखर विद्यार्थी घेणार आहेत? वेबसाइटवर बारा नावं असतात, पैसे तिघांकडे असतात. एनएसएफ या अमेरिकी सरकारच्या विज्ञान निधी संस्थेची पदव्युत्तर संशोधन फेलोशिप फक्त तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच मिळते. एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या प्रशिक्षण अनुदानांचंही तसंच आहे. म्हणजे तुझा खर्च गाइडच्या ग्रँटवर किंवा तुझ्या शिकवण्याच्या तासांवर पडणार, आणि पैशांची ओढाताण असलेला प्राध्यापक स्वतःची फेलोशिप घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याकडे आधी बघतो. फेब्रुवारी 2025 मध्ये एनआयएचने संस्थांना ग्रँटसोबत मिळणाऱ्या अप्रत्यक्ष खर्चावर (इमारत, वीज, प्रशासन वगैरेंच्या पैशांवर) 15 टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. प्रकरण न्यायालयात गेलं, पण त्याच वसंतात काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. त्यामुळे "पाच वर्षं फंडिंग असतंच" असं फोनवरचं आश्वासन पुरेसं धरू नकोस. गाइडची ग्रँट मधेच संपली तर विभाग किती सत्रं सांभाळून घेतो, हे ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलमध्ये असायला हवं.

व्हिसाचंही नीट समजून घे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असताना परवानगी घेऊन प्रोग्रॅम सोडला तर देश सोडायला 15 दिवस मिळतात. दुसऱ्या विद्यापीठात नाव वर्ग करून घेता येतं, पण ती जागा सोडण्याआधी हातात असावी लागते. हे वाचून घाबरून जाऊ नकोस, फक्त माहीत असू दे.

आता जर्मनी. तिथे गाइडला "डॉक्टरफाटर" किंवा "डॉक्टरमुटर" म्हणण्याची पद्धत आहे, म्हणजे डॉक्टरेटचे वडील किंवा आई. या शब्दातच सगळं आलं. नातं जुळलं तर फार सुंदर, आणि बिनसलं तर त्याच व्यक्तीच्या हातात तुझा करार, तुझा विषय आणि बऱ्याचदा तुझ्या प्रबंधाचं मूल्यमापनही असतं. रोटेशन नाही. लग्नाआधी एकदाच भेटलेल्या माणसाला होकार द्यावा तशी तू निवड करते आहेस, आणि तुझी तर त्यांच्याशी ओळख फक्त छापील पानांतून आहे.

तुझ्या पत्रातला एक हिशोब मी कागदावर मांडून बघितला. बाईंचं अनुदान सहा वर्षांचं, तीन संपली. तुझा करार तीन वर्षांचा. म्हणजे तुझं तिसरं वर्ष आणि त्यांचं सहावं वर्ष एकाच वेळी संपतं. तरुण गटप्रमुखांसाठीच्या जर्मनीतल्या योजना, उदाहरणार्थ एमी नोएथर, अशाच सहा वर्षांच्या असतात. त्यानंतर त्यांना प्राध्यापकपद शोधावं लागतं, आणि ते दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशातही मिळू शकतं. जर्मनीत बहुतेकांना पीएचडीला तीन वर्षांपेक्षा जास्त लागतात. ज्या काळात तू प्रबंध लिहीत असशील, त्याच काळात त्या स्वतःची पुढची जागा शोधत असतील. यामुळे ऑफर वाईट ठरत नाही, पण त्यांना सरळ विचारायलाच हवं: "तुम्ही गेलात तर माझं काय? चौथ्या वर्षाचा पगार कुठून येईल?" चांगला गाइड या प्रश्नाने दुखावत नाही. उलट, त्यांनी स्वतः याचा विचार केलेला असेल तर तुला पहिल्याच वाक्यात कळेल.

आणखी दोन गोष्टी विचार. संशोधन संस्था सहसा स्वतः डॉक्टरेट देत नाही, पदवी विद्यापीठाची असते. कुठल्या विद्यापीठात तुझी नोंदणी होणार, आणि तरुण गटप्रमुखाला तिथे अधिकृत मार्गदर्शक होता येतं का, की कागदोपत्री दुसरं कोणी असणार? दुसरं, संस्थेच्या ग्रॅज्युएट स्कूलमध्ये (पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यक्रमात) तुला जागा आहे का, जिथे तीन-चार जणांची सल्लागार समिती वर्षातून एकदा तरी तुला गाइडशिवाय भेटते? मला ज्या प्राध्यापिकेने तारलं तशी एक व्यक्ती तुझ्या कागदांवर पहिल्या वर्षापासून हवी.

65 टक्क्यांनी तू गोंधळलीस. पगार 65 टक्के असतो, प्रयोगशाळेतलं काम मात्र पूर्ण वेळचं असतं. तिथल्या विज्ञान विभागांत हे सर्रास आहे. पण करार म्हणजे नोकरी: आरोग्य विमा, पेन्शन, बेरोजगारी विमा, वर्षाला 30 दिवस रजा. शिष्यवृत्तीवर गेलेल्यांना यातलं बरंच मिळत नाही, तेव्हा पत्रावर करार लिहिलाय की शिष्यवृत्ती ते बघ. दोन्हीकडच्या रकमांची तुलना करताना कर आणि विमा कापून हातात किती येतात आणि त्यातून त्या शहराचं घरभाडं गेलं की किती उरतात, एवढंच बघ. अमेरिकेचा स्टायपेंड नऊ महिन्यांचा आहे की बारा, हे विचारायला विसरू नकोस. आणि जर्मनीत घरमालक तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागू शकतो, पहिला पगार मात्र महिना संपल्यावर येतो. ते पहिले दोन महिने कुठल्या पैशांवर काढायचे ते आधी ठरव.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येते. "ते नंतर बघता येईल" असं तू लिहिलंस. नाही गं, ते आत्ताच बघायला हवं. तू एफ-1 वर गेलीस तर नवरा एफ-2 या जोडीदाराच्या व्हिसावर येईल, आणि एफ-2 वर नोकरी करता येत नाही. पाच ते सहा वर्षं. जे-1 या देवाणघेवाण व्हिसाचा पर्याय असेल तर जोडीदाराला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण त्याला वेळ लागतो आणि जे-1 च्या स्वतःच्या अटी आहेत. जर्मनीत कुटुंब म्हणून मिळालेल्या परवान्यावर जोडीदार काम करू शकतो. तुला कुठल्या प्रकारचा परवाना मिळतो त्यावर त्याला सुरुवातीचं जर्मन येण्याची अट आहे की नाही ते ठरतं, म्हणून नियुक्तीपत्र येताच संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचार. एक हुशार, काम करणारा माणूस पाच वर्षं घरी बसला तर त्याचा भार दोघांवर येतो, आणि तू संध्याकाळी लॅबमधून थकून घरी आलीस की तो भार जाणवतो. या निर्णयात त्याचं मत विचारणं म्हणजे तुझ्या महत्त्वाकांक्षेला मुरड घालणं, असा सूर तुझ्या ओळीत मला ऐकू आला. माझ्या ओळखीत ज्यांनी हे बोलणं पुढे ढकललं, त्यांना ते विमानातून उतरल्यावर, जास्त कडू शब्दांत बोलावं लागलं.

दहा दिवस कमी आहेत असं तुला वाटतंय. 15 एप्रिलची मुदत अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आपसातल्या करारामुळे आहे. त्या करारावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीच्या ऑफरवर त्याआधी उत्तर देण्याची सक्ती करत नाहीत. जर्मनीला हा करार लागू नाही, पण आठवडा-दोन आठवडे वाढवून मागणं हे अगदी रोजचं आहे. "मला तुमच्या गटात काम करायची मनापासून इच्छा आहे, निर्णयाआधी तुमच्याशी आणि विद्यार्थ्यांशी बोलायचं आहे, अमुक तारखेपर्यंत वेळ मिळेल का?" एवढंच लिही. एक कर: दोन्हीकडे होकार देऊन ठेवू नकोस. आणि निर्णय झाला की नकार त्याच दिवशी कळव, प्रतीक्षा यादीत तुझ्यासारखंच कोणी जीव टांगणीला लावून बसलेलं असतं.

मिळालेल्या दिवसांत विद्यार्थ्यांशी बोल, आणि ईमेलवर नको. गाइडबद्दल वाईट कोणी लिहून देत नाही. व्हिडिओ कॉल कर, एकेकट्याशी. "त्या कशा आहेत?" असं विचारू नकोस, त्याला सगळे "छान" म्हणतात. "तुझा प्रयोग तीन महिने फसत होता तेव्हा त्या काय म्हणाल्या?" असं विचार. "शेवटची सुट्टी कधी घेतलीस?" "आधीचे विद्यार्थी आता कुठे आहेत, किती वर्षं लागली?" "कोणी मधेच सोडलं का?" वागणुकीबद्दल विचारल्यावर "त्या खूप हुशार आहेत" असं उत्तर आलं, तर प्रश्न टाळला गेला आहे हे ओळख. अमेरिकेतही ज्या तीन लॅब तुला हव्याशा वाटतात तिथल्या विद्यार्थ्यांना हेच विचार.

इतर देशांच्या ऑफर घेऊन बसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षं लागतात, फंडिंग मात्र कधीकधी साडेतीन वर्षांतच संपतं. यूकेआरआय या तिथल्या सरकारी संशोधन निधी संस्थेच्या जागा 2021 पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत, काही विज्ञान विषयांना एटीएएस ही सुरक्षाविषयक मंजुरी आधी लागते, आणि आरोग्य अधिभाराचे वर्षाला 776 पौंड कोण भरणार ते विचारा. जानेवारी 2024 पासून तिथे कुटुंब नेण्याची मुभा संशोधन करणाऱ्यांपुरतीच उरली आहे, पीएचडी त्यात बसते. नेदरलँड्समध्ये सहसा चार वर्षांची नोकरीच असते. स्वीडनमध्येही चार वर्षं नोकरी, आणि विभागाचं काम 20 टक्क्यांपर्यंत घेतलं तर तेवढी मुदत वाढते. बिनसलं तर काय, हा प्रश्न सगळीकडे तोच.

तू मला सरळ विचारलं आहेस, "तुम्ही काय केलं असतं?" तुझं ते भरभरून लिहिलेलं पान आणि नवऱ्याची ओळ एकत्र ठेवली तर माझा कल जर्मनीकडे जातो. पण तीन गोष्टी हातात आल्या तरच: चौथ्या वर्षाच्या पगाराबद्दल लेखी शब्द, गाइडशिवाय भेटणारी समिती, आणि त्या गटातल्या निदान दोघांशी मोकळेपणाने झालेलं बोलणं. यातलं एकही टाळाटाळीत अडकलं, तर मी अमेरिकेला जाईन, नावासाठी नव्हे, तर तीन लॅब स्वतः बघून निवडता येतात म्हणून. आणि तसं असेल तर नवऱ्याबरोबर बसून त्या पाच वर्षांत तो काय करणार, हे होकार कळवण्याआधी ठरवेन.

आज रात्री एक काम कर. बाईंच्या गटाच्या पहिल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या शोधनिबंधांवरची लेखकांची नावं शेजारी-शेजारी मांड. पहिल्या यादीत असलेलं आणि दुसरीत नसलेलं एखादं नाव दिसलं, तर त्या माणसाला शोध आणि वीस मिनिटं बोलायला वेळ माग.

तुझी,
सदरलेखिका